उतरल्यावर ऊन कधी घ्यावं?

अटलांटिक महासागर बोटीने ओलांडायला पाच-सहा दिवस लागत, तेव्हा बोटीवरची घड्याळं दररोज साधारण तासाभराने सरकवली जात. पलीकडचा किनारा येईपर्यंत प्रवाशांचं शरीर तिथल्या वेळेला बरंचसं सरावलेलं असे. १९५८ मध्ये जेट विमानं याच मार्गावर प्रवासी नेऊ लागली आणि तेवढंच अंतर काही तासांवर आलं. शरीर मात्र अजूनही बोटीच्याच वेगाने चालतं. पूर्वेकडे गेलो तर ते दिवसाला साधारण एक तास जुळवून घेतं, पश्चिमेकडे गेलो तर दीड तास.

जेट लॅग म्हणजे हा मागे पडलेला हिशेब. प्रवासाचा थकवा वेगळा. उत्तरेकडून दक्षिणेकडे दहा तास उडालं आणि वेळ फारशी बदलली नाही, तर अंग आंबतं, पण एका चांगल्या झोपेत सगळं ठीक होतं. पूर्व-पश्चिम प्रवासात एका झोपेने भागत नाही. रात्री तीनला टक्क डोळे उघडतात, दुपारी मान पडते, भूक भलत्या वेळी लागते.

हा हिशेब मेंदूत ठेवला जातो. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंची जिथे फुली होते, तिच्या थोडं वर सुमारे २०,००० पेशींचं एक इवलंसं केंद्र आहे, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. बाहेरची कुठलीच खूण मिळाली नाही तरी त्याचं चक्र चालूच राहतं, आणि माणसांमध्ये ते सरासरी २४ तासांपेक्षा दहा-बारा मिनिटांनी लांब असतं. म्हणूनच उशिरापर्यंत जागणं बहुतेकांना सोपं जातं, लवकर झोपणं अवघड, आणि पश्चिमेचा प्रवास पूर्वेच्या प्रवासापेक्षा कमी त्रासाचा.

हे चक्र नुसत्या निश्चयाने वळत नाही. १९३८ मध्ये झोपेचे संशोधक नॅथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचे सहकारी ब्रूस रिचर्डसन अमेरिकेतल्या केंटकीमधल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले आणि २८ तासांचा ‘दिवस’ पाळू लागले. रिचर्डसन यांना ते बऱ्यापैकी जमलं. क्लाइटमन यांच्या शरीराचं तापमान मात्र २४ तासांच्या लयीतच चढत-उतरत राहिलं.

या चक्राला वळवण्याची खरी ताकद आहे ती उजेडात. डोळ्याच्या पडद्यात मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात. समोर काय दिसतंय यापेक्षा बाहेर उजेड किती आहे, ही वर्दी मेंदूला देणं हे त्यांचं मुख्य काम. आकाशासारख्या निळसर प्रकाशाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. दृष्टी पूर्ण गेलेल्या काही माणसांमध्येही या पेशी शाबूत असतात आणि त्यांचं घड्याळ उजेडाने जुळत राहतं, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

इथेच एक नेहमीचा सल्ला फसतो: ‘उतरल्या उतरल्या सकाळच्या उन्हात फिरून ये.’ उजेड घड्याळाला ढकलतो हे खरं, पण कुठल्या दिशेने ढकलेल ते शरीराच्या वेळेवर ठरतं. नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. त्या क्षणाच्या आधीच्या काही तासांत मिळालेला उजेड घड्याळाला उशिराकडे नेतो, नंतरच्या काही तासांतला उजेड लवकरच्या वेळेकडे आणतो.

समजा, तुम्ही घरी रात्री अकराला झोपता आणि सातला उठता. तुमचा तो नीचांक पहाटे साडेचारच्या सुमारास येतो. आता तुम्ही आठ तास पूर्वेला गेलात. तिथे सकाळचे आठ वाजलेत, पण शरीराच्या लेखी मध्यरात्र आहे. नीचांक यायला अजून साडेचार तास आहेत. तुम्हाला घड्याळ लवकर आणायचंय आणि हे कोवळं ऊन नेमकं उलटीकडे खेचतंय! अशा वेळी दुपारी साडेबारापर्यंत गडद गॉगल लावून किंवा घरात राहून उजेड टाळावा आणि त्यानंतर मनसोक्त उन्हात राहावं. दुसऱ्या दिवशी ही सीमारेषा तासभर अलीकडे येते, तिसऱ्या दिवशी आणखी तासभर.

आठ तास पश्चिमेला गेलात तर तोच नीचांक स्थानिक वेळेप्रमाणे रात्री साडेआठला येईल. तिथे दुपार उतरताना आणि संध्याकाळी उजेडात राहिलं की घड्याळ हव्या त्या दिशेने, उशिराकडे जातं. साडेआठनंतर मात्र दिवे मंद करावेत. फरक नऊ-दहा तासांच्या पुढे गेला, तर पूर्वेच्या प्रवासातही घड्याळ उशिराकडे सरकवत नेणं अनेकदा सोपं पडतं.

मेलाटोनिन हा अंधार पडल्यावर पिनिअल ग्रंथीतून स्रवणारा संप्रेरक. पाच किंवा जास्त वेळपट्टे ओलांडून पूर्वेला जाणाऱ्यांना, उतरल्यावर तिथल्या झोपेच्या वेळी घेतलेल्या ०.५ ते ५ मिलिग्रॅमच्या गोळीचा उपयोग होतो, असं चाचण्यांमध्ये दिसलं आहे. भलत्या वेळी घेतली तर दिवसा गुंगी येते आणि जुळवून घेणंही लांबतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा फिट येत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

कॉफीचं थोडक्यात सांगायचं तर सकाळी चालेल, दुपारनंतर नको. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं. मद्याने झोप लवकर येते, पण ती तुटक होते. यकृताला स्वतःचं वेगळं घड्याळ असतं आणि ते जेवणाच्या वेळांवरून जुळतं, म्हणून पहिल्या दिवसापासून स्थानिक वेळेलाच जेवावं.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे निघण्याआधीचे तीन दिवस. पूर्वेला जायचं असेल तर रोज तासभर आधी झोपावं, तासभर आधी उठावं आणि उठताच लख्ख उजेडात बसावं. विमानात बसाल तेव्हा आठपैकी दोन-तीन तास आधीच भरून निघालेले असतील.

आणि मुक्कामच दोन दिवसांचा असेल, तर यातलं काहीच करू नये. शरीर सरकायला लागेपर्यंत परतीचं विमान येतं. अशा वेळी जमेल तितकं घरच्याच वेळेवर झोपावं, जेवावं, आणि महत्त्वाच्या भेटीगाठी आपल्या शरीराच्या दिवसात ठेवाव्यात.