अमेरिकेतलं लाल डिझेल आणि रस्त्यावरचं डिझेल

आयोवा किंवा नेब्रास्कातल्या एखाद्या मोठ्या शेतावर गेलात तर शेडच्या कडेला डिझेलच्या टाक्या उभ्या दिसतात. पुष्कळदा दोन असतात. एकीतलं डिझेल कोकम सरबतासारखं लाल, दुसरीतलं फिकट पिवळसर, जवळजवळ पारदर्शक. ट्रॅक्टर आणि कापणीचं कंबाइन लालवर चालतं, गावात जाणारा पिकअप पारदर्शकवर. तिथं नव्याने गेलेल्या माणसाला हमखास वाटतं, की लाल म्हणजे हलक्या प्रतीचं, शेतीच्या धबडग्यात चालून जाणारं, आणि पारदर्शक म्हणजे चांगलं, गाळून घेतलेलं.

हा समज मला मनापासून खोडून काढावासा वाटतो, कारण त्यामुळे लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात आणि खरोखर जपायला हवं तिथे गाफील राहतात. ही दोन्ही डिझेलं एकाच शुद्धीकरण कारखान्यातून, बहुतेक वेळा एकाच टाकीतून आलेली असतात. सीटेन क्रमांक (डिझेल किती चटकन पेट घेतं याचं माप) तोच, ऊर्जा तीच, गंधकही तेवढंच. लालमध्ये जास्तीचा असतो तो सॉल्व्हेंट रेड 164 नावाचा रंग, तोही अगदी चिमूटभर. त्याने ना इंजिनाची ताकद घटते, ना इंजेक्टर खराब होतात.

मग रंगवायचं कशासाठी? करासाठी.

अमेरिकेत रस्त्यावर जळणाऱ्या डिझेलवर केंद्र सरकार गॅलनमागे 24.4 सेंट कर घेतं. गॅलन म्हणजे सुमारे 3.8 लिटर. त्यावर प्रत्येक राज्याचा कर वेगळा. केंद्राच्या कराचा जवळजवळ सगळा पैसा 1956 साली स्थापन झालेल्या महामार्ग निधीत जातो, म्हणजे रस्ता वापरणाऱ्याने रस्त्याचा खर्च उचलायचा. नांगरणी करणारा ट्रॅक्टर, खाणीतला डंपर, विजेचा जनरेटर हे महामार्ग झिजवत नाहीत, म्हणून त्यांच्या डिझेलवर हा कर नाही. तत्त्व साधं आणि मला विचाराल तर न्याय्य आहे. अडचण एवढीच, की दोन्ही द्रव हुबेहूब सारखे असल्यावर कर भरलेलं कोणतं आणि न भरलेलं कोणतं, हे ओळखायचं कसं?

1980च्या दशकात न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीकडे या प्रश्नाचा भरपूर गैरफायदा घेतला गेला. तिकडच्या जुन्या घरांत तळघरात तेलाची टाकी असते आणि हिवाळ्यात घर त्यावर गरम ठेवतात. न्यू जर्सीत जुनं घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांना ही टाकी ओळखीची असेल. घर तापवायचं हे तेल आणि डिझेल यांच्यात फारसं अंतर नाही, पण घराच्या तेलावर रस्त्याचा कर नव्हता. त्यामुळे तेल घरासाठी म्हणून उचलायचं, कागदोपत्री ते चार-पाच कंपन्यांतून फिरवायचं आणि ट्रकच्या पंपावर कर धरून विकायचं. कर भरायची वेळ येई तेव्हा साखळीतली जबाबदार कंपनी गायब झालेली असे, कारण ती मुळात टपालपेटीपुरतीच होती. संघटित गुन्हेगारांच्या टोळ्या या धंद्यात उतरल्या होत्या.

1 जानेवारी 1994 पासून दोन गोष्टी बदलल्या. कर गोळा करायची जागा मागे सरकवून थेट तेल डेपोत नेली, जिथे टँकर भरतात तिथे. आणि करमुक्त डिझेल त्याच जागी रंगवायचं ठरलं. तेव्हापासून डेपोतून निघणारं डिझेल एक तर कर भरून निघतं, नाही तर रंगून निघतं. घर तापवायचं तेलही लाल झालं. परिणाम किती झाला, हे जस्टिन मॅरियन आणि एरिक म्युलेगर या अर्थशास्त्रज्ञांनी 2008 साली मोजून दाखवलं: रंगाचा नियम आल्यावर डिझेलची नोंदलेली विक्री 26 टक्क्यांनी वाढली आणि घर तापवायच्या तेलाची जवळपास तेवढीच घटली. ट्रक एकाएकी जास्त धावायला लागले नव्हते. आधी जे इंधन चोरवाटेने जात होतं, ते उघड्यावर आलं.

लाल डिझेल हलकं असतं हा समज मात्र हवेतून आलेला नाही. 1993च्या ऑक्टोबरपासून रस्त्यावरच्या डिझेलमध्ये गंधक कमी करायची सक्ती आली, शेतीच्या आणि खाणीच्या डिझेलला तेव्हा ती नव्हती. त्यामुळे बरीच वर्षं लाल डिझेलमध्ये खरोखरच गंधक जास्त असायचं. रस्त्यावरच्या डिझेलसाठी 2006 पासून दहा लाख भागांत 15 भाग ही मर्यादा लागू झाली. शेती आणि बांधकामाच्या डिझेलला 2007 मध्ये 500 आणि 2010 मध्ये तीच 15ची मर्यादा आली. तिथे हा फरक संपला. म्हातारे शेतकरी सांगतात ते त्यांच्या काळापुरतं खरं होतं.

सुरुवातीला जास्त गंधकाच्या या डिझेलला निळा रंग द्यायचं ठरलं होतं. पण लहान विमानांचं पेट्रोलही निळंच असतं, आणि रंगावरून गफलत होऊन विमानात डिझेल गेलं तर काय, या भीतीने तो निर्णय बदलून लाल आला. लालनेही एक घोळ घातलाच. अमेरिकेत लाल कॅन पेट्रोलचा, पिवळा डिझेलचा आणि निळा रॉकेलचा असा रिवाज आहे. त्यामुळे लाल डिझेल लाल कॅनमध्ये भरू नका. दुसरा कुणी ते पेट्रोल समजून गवत कापायच्या यंत्रात ओतेल.

आता जिथे सावध राहायचं तिथे येऊ. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या टाकीत लाल डिझेल सापडलं तर दंड 1000 डॉलर किंवा गॅलनमागे 10 डॉलर, यातला जो आकडा मोठा तो. 100 गॅलनच्या टाकीत केंद्राच्या करापुरती बचत होते 24 डॉलर 40 सेंट, आणि दंड किमान 1000. दुसऱ्यांदा सापडलात तर ती 1000ची पायरी दुप्पट होते, राज्याचा दंड आणखी वेगळा. आयकर खात्याचे निरीक्षक महामार्गावरच्या वजनकाट्यावर किंवा बाजारात ट्रक थांबवून टाकीत नळी घालतात आणि नमुना उजेडात धरून बघतात. लाल डिझेलवर पारदर्शक ओतून ते लपत नाही, थोड्याशा मिश्रणालाही गुलाबी झाक राहते. तपासणीला नकार दिला तर त्याचा दंड वेगळा. रंग काढायचा प्रयत्न करणं हाही गुन्हा आहे.

इंधन कुठल्या जमिनीवर जळतंय यापेक्षा ते कुठल्या वाहनात आहे, याला जास्त महत्त्व आहे. ट्रॅक्टर एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना रस्त्यावरून गेला तरी त्याला लाल चालतं, कारण तो महामार्गासाठी बनवलेलं वाहन नाही. पिकअपचं तसं नाही. तो दिवसभर बांधावर फिरला आणि संध्याकाळी फक्त किराणा आणायला गावात गेला, तरी त्याच्या टाकीत लाल असता कामा नये. उदाहरण म्हणून मला सगळ्यात आवडतो तो भाजी-दूध नेणारा थंड ट्रेलर. पुढच्या ट्रकच्या टाकीत पारदर्शक डिझेल. मागच्या ट्रेलरवर थंडावा देणारं छोटं इंजिन असतं, त्याची टाकी वेगळी, आणि तिच्यात लाल भरलेलं असलं तरी चालतं. एकच गाडी, एकच चालक, चार पावलांवर दोन रंग, आणि दोन्ही कायदेशीर. अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्यांत आपले भारतीय पुष्कळ आहेत. पंपावर या दोन टाक्यांची अदलाबदल होऊ देऊ नका, एवढंच त्यांना कळकळीने सांगेन. शाळेच्या बसना आणि राज्य किंवा स्थानिक सरकारच्या गाड्यांना रस्त्यावरही लाल वापरायची मुभा आहे.

उलट बाजूने काही अडचण नाही. ट्रॅक्टरमध्ये पारदर्शक घाला किंवा तेल संपलं म्हणून तळघराच्या टाकीत पंपावरचं डिझेल ओता, यंत्राला फरक पडत नाही आणि कायद्यालाही. फक्त नाहक कर भरला जातो. शेतीसाठी भरलेला कर वार्षिक विवरणपत्राबरोबर 4136 क्रमांकाचा फॉर्म जोडून परत मिळवता येतो.

लाल डिझेलने इंजिन बिघडल्याची तक्रार ऐकली तर आधी साठवणीची टाकी तपासा. शेतावरची टाकी महिनोन्‌महिने उघड्यावर उभी असते, तिच्यात दव साचतं, पाण्यात जंतू वाढतात आणि फिल्टर बुळबुळीत होतो. उन्हाळ्यात भरलेलं डिझेल डिसेंबरच्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं. बोल मात्र रंगाला लागतो.

ब्रिटनमध्येही अशाच डिझेलला लाल रंग देतात. तिथे 1 एप्रिल 2022 पासून बांधकाम क्षेत्राची सवलत काढली, शेतीची राहिली. आयर्लंडमध्ये ते हिरवं असतं. या दोन देशांच्या सीमेवर टोळ्या रंग धुऊन काढायच्या आणि उरलेला विषारी गाळ रस्त्याकडेला टाकून द्यायच्या. म्हणून 2015 मध्ये दोन्ही देशांनी मिळून सहजी धुता न येणारी नवी खूण आणली.

आपल्याकडे डिझेलला रंग नाही. ट्रॅक्टर आणि एसटी एकाच जातीच्या डिझेलवर चालतात. कोकणातल्या मच्छीमार नौकांना सवलत आहे, पण ती परताव्याच्या वाटेने: आधी पूर्ण भावाने डिझेल घ्यायचं, मग मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत राज्याच्या कराचा परतावा मिळवायचा. त्यात चोरीला वाव कमी, पण गरिबाचा पैसा अडकून पडतो. परतावा थकल्याची ओरड किनाऱ्यावर जुनीच आहे. रंगाचा प्रयोग आपण केला तो रॉकेलवर. रेशनचं निळं रॉकेल कुणाला आठवत नाही? ते डिझेलपेक्षा खूप स्वस्त, म्हणून टँकरच्या टँकर डिझेलमध्ये भेसळीला जायचं. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ हा काळाबाजार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं. रॉकेल निळं होतं, पण तो रंग टाकीत नळी घालून रोज बघणारं कुणी नव्हतं, आणि जो बघायला गेला त्याच्या पाठीशी कुणी उभं नव्हतं.

सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडावर आलं तेव्हा इंधनाचा तुटवडा पडला. आयकर खात्याने तिथे काही दिवस रस्त्यावर लाल डिझेल वापरल्याचा दंड माफ केला. ट्रक लालवर धावले आणि नेहमीसारखेच धावले. पण एक अट होती: गॅलनमागे 24.4 सेंट कर मात्र भरायचा.