मुठीत मुरलेलं ज्ञान

मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की आमच्या यवतमाळकडच्या गावात सगळे एकच विचारतात, वाफसा आला का? माझी मोठी आई वावरात वाकते, चार बोटं खालची माती काढते, मुठीत दाबून तिचा लाडू करते आणि कमरेच्या उंचीवरून सोडते. लाडू फुटला तर वाफसा. नुसताच चेपला तर अजून थांबायचं. कसं कळतं हे, असं विचारलं की म्हणते, "मले कायचं ज्ञान आलं बाप्पा, मी तं अडाणी!"

हे मला मुळीच पटत नाही.

काळ्या मातीतले चिकण कण पाणी पिऊन फुगतात. पाऊस उघडल्यावर मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निथळून तिथे हवा शिरते, बारीक पोकळ्यांत ओल टिकते. मुळांना दोन्ही लागतं. हाच वाफसा. त्याआधी वखर घातला तर माती दबते, ढेकळं होतात. मोठ्या आईला पोकळ्यांची माहिती नाही. वाफसा तिच्या बोटांना कळतो.

'ज्ञान' हा शब्द आपण पोथीत ठेवतो, नाहीतर 'ज्ञान पाजळू नको' म्हणताना काढतो. जाणता, सज्ञान हे शब्द 'ज्ञा' धातूचेच. इंग्रजीतला 'नो'सुद्धा त्याच कुळातला. रोजच्या बोलण्यात मात्र राजधानीचं नाव 'माहीत' असतं आणि पोहणं 'येतं'. हा फरक तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली इंग्रजीत सविस्तर मांडला. मराठीत तो पोरासोरांच्या तोंडी आहे.

मेंदूतही तो दिसतो. अपस्मारासाठी १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलायसन या रुग्णाच्या मेंदूतून नव्या आठवणी मुरवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला गेला. नवी आठवण टिकेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सफाईने फिरू लागला, पण हे आपण आधी केलंय, हे त्यांना दरवेळी नवीनच! हाताचं कसब लहान मेंदूत आणि मेंदूच्या खोलातल्या दुसऱ्या भागांत मुरतं.

गेल्या खरिपात ज्वारी पेरताना मी चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या पेल्यावर, मूठ धरली. एकरी किती बियाणं, किती अंतर, सगळं माहीत होतं. माझे पहिले दोन तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, उगवले ते कुठे दाट, कुठे नांगे, रिकामेच. तिसऱ्या तासाला मोठ्या आईने माझी मूठ हातात घेतली, करंगळी जराशी सैल केली आणि बैलांना "चाल" म्हणाली.