गटारीचं मटण आणि किडनीची काटकसर

गटारीला कोल्हापुरात मटणाच्या दुकानांपुढे सकाळपासून रांगा लागतात आणि श्रावण लागला की कित्येक घरांत महिनाभर तांबडा-पांढरा बंद. हा बदल जिभेला कळतो तसा किडनीलाही कळतो, आणि किडनी त्यावर जे करते ते खरोखर थक्क करणारं आहे.

खाल्लेल्या प्रथिनांची अमिनो आम्लं होऊन ती रक्तात उतरतात. किडनी रक्तातलं पाणी, क्षार, साखर, अमिनो आम्लं असं सगळं आधी गाळून काढते आणि मग कामाचं परत घेते. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव असा गाळला जातो. त्यातून जवळपास 50 ग्रॅम अमिनो आम्लं बाहेर पडतात, पण लघवीत जातात ती जेमतेम एक-दोन टक्के. बाकीची गाळणीला लागूनच असलेल्या नागमोडी नलिकेतल्या पेशी उचलून घेतात.

या पेशींच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप अखंड चालू असतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी 1957 मध्ये तो शोधला आणि 1997 च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. पंपामुळे पेशीत सोडियम कमी राहतं. राधानगरीला अडवलेलं पाणी खाली येताना वीज देऊन जातं, तसं नलिकेतलं सोडियम पेशीत शिरताना अमिनो आम्लाला बरोबर ओढून आणतं. ही ने-आण करणारी वाहक प्रथिनं निरनिराळी आहेत. काहींना तर सोडियमऐवजी पेशीतलं एक अमिनो आम्ल बाहेर देऊन दुसरं आत घ्यावं लागतं.

आता श्रावणाकडे येऊ. टॉरीन हे अमिनो आम्लांच्याच गोतावळ्यातलं. मटणात, माशांत ते असतं, डाळी-भाज्यांत जवळपास नसतंच. आहारातून ते कमी झालं की नलिकेच्या पेशी त्याचं वाहक प्रथिन जास्त बनवतात आणि पृष्ठभागावर आणून बसवतात. लघवीतून जाणारं टॉरीन घटतं. भरपूर मिळू लागलं की वाहक कमी होतात, जास्तीचं वाहून जातं. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे, आणि शाकाहारी माणसांच्या लघवीतही टॉरीन खूप कमी आढळतं. मेंदूला विचारायला न जाता, पेशी आपल्या आतला साठा बघून हे ठरवते!

वाहकच जन्मतः बिघडलेला असेल तर मात्र पंचाईत. सिस्टिन्युरिया या आजारात सिस्टीन, लायसिन, आर्जिनिन आणि ऑर्निथिन ही चारही अमिनो आम्लं लघवीत सांडतात. तिघं विरघळून निघून जातात. सिस्टीन लघवीत नीट विरघळत नाही, त्याचे खडे होतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे स्फटिक सपाट, सहा कोनांचे दिसतात आणि हे दिसलं की निदान जवळजवळ पक्कं होतं. त्यामुळे लहान वयात किंवा पुन्हा पुन्हा मुतखडा होत असेल, तर पडलेला खडा फेकू नका, तपासणीला द्या. आजार आनुवंशिक असल्याने सख्ख्या भावंडांचीही लघवी तपासून घ्यावी. उपचाराची सुरुवात साध्या पाण्यापासून होते: दिवसभर भरपूर, आणि रात्री झोपण्यापूर्वीही.