दुसरा राउटर इंटरनेटचा वेग दुप्पट करत नाही
घरात दुसरा राउटर बसवला की इंटरनेटचा वेग दुप्पट होतो, ही समजूत जळगाव-धुळ्याकडे वर्षानुवर्षे ऐकू येते. ती खरी नाही. १०० एमबीपीएसची जोडणी दोन राउटर लावूनही तेवढीच राहते. वाढतो तो वाय-फायचा पल्ला. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत, जिथे मातीच्या जाड भिंती ओलांडताना लहरी क्षीण होतात, तिथे ही गरज अगदी खरी आहे.

मात्र जोडणी नीट हवी. पहिल्या राउटरचा घरच्या जाळ्यातला (नेटवर्कमधला) पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ सारखा वेगळा पत्ता द्यावा, त्याचे डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय, बंद करावे आणि मगच दोघांचे लॅन पोर्ट (घरातली उपकरणे जोडायच्या खाचा) केबलने जोडावेत, कारण पत्ते वाटणारे दोघे झाले की एकच पत्ता दोन उपकरणांना मिळून दोन्ही अडू शकतात. केबल दुसऱ्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या खाचेत) लावली तरी बहुधा इंटरनेट चालते, पण घरात दोन वेगळी जाळी तयार होतात आणि मागच्या खोलीतल्या मोबाइलला ओसरीवरचा प्रिंटर सहसा सापडत नाही. एकाच बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालणाऱ्या बिनतारी रिपीटरने, म्हणजे लहरी पकडून पुढे पाठवणाऱ्या यंत्राने, तर वेग साधारण निम्म्यावर येतो. म्हणून भिंतीला भोक पाडावे लागले तरी मी केबलचाच आग्रह धरतो.