लुईझियानाची बुडत चाललेली पाणथळ किनारपट्टी

अमेरिकेत मिसिसिपी नदी जिथे मेक्सिकोच्या आखाताला मिळते तिथला लुईझियाना राज्याचा दलदलीचा पट्टा गेली नव्वदेक वर्षं समुद्र गिळत चाललाय. 1932 ते 2016 मध्ये साधारण 4,800 चौरस किलोमीटर जमीन गेली, म्हणजे 1932 ला होती त्यातली जवळपास पाव. तिकडे हे फुटबॉलच्या मैदानात मोजायची पद्धत आहे, सगळ्यात वाईट काळात दर 34 मिनिटांना एक मैदान जात होतं, अलीकडे वेग मंदावला तेव्हा 100 मिनिटांना एक.

ही सगळी जमीन नदीनेच आणून टाकलेली. जवळपास सात हजार वर्षं मिसिसिपी गाळ आणतेय, एकीकडे टाकून टाकून उंचवटा झाला की हजारेक वर्षांनी मुख बदलून दुसरीकडे वळायचं, असा तिचा कारभार होता. पण गाळाची जमीन आपल्याच वजनाने दबत खचत जाते, पुराबरोबर नवा थर पडत राहिला तरच ती पाण्याच्या वर राहते. 1927 ला प्रचंड महापूर आला, 1928 ला कायदा झाला आणि केंद्र सरकारने नदीला दोन्ही बाजूंनी भक्कम बांध घातले. बांधांनी गावं, शेती वाचवली हे खरंच, पण पुराचं पाणी दलदलीत पसरायचं बंद झालं आणि गाळ सरळ खोल समुद्रात जायला लागला. त्यात वरच्या अंगाला मिसिसिपीला येऊन मिळणाऱ्या मिसुरी नदीवर धरणं झाली, तिथेही गाळ अडकतो, म्हणजे खाली येणारा मालच कमी.

दुसरा मोठा घाव तेलवाल्यांचा. ड्रिलिंगची यंत्रं न्यायला आणि पाइपलाइन टाकायला दलदलीत हजारो किलोमीटरचे सरळसोट चर खणले, त्यातून समुद्राचं खारं पाणी आत घुसलं, गोड्या पाण्यातलं गवत आणि सायप्रसची झाडं मेली, मुळंच गेल्यावर माती धरणार कोण? खणलेली माती चराच्या काठावर तशीच टाकली, त्यामुळे भरती-ओहोटीचं पाणी खेळायचंही थांबलं. आणि न्यूट्रिया, हा घुशीसारखा दिसणारा पण मांजराएवढा दक्षिण अमेरिकन प्राणी, 1930 च्या दशकात फरसाठी आणला, फरचा बाजार बसला आणि हा दलदलीतली झाडं मुळासकट खात सुटला. 2002 पासून राज्य सरकार हा प्राणी मारून आणणाऱ्याला दर शेपटीमागे पैसे देतं, आधी 4 डॉलर होते आता 6 झालेत. 2005 च्या कतरिना आणि रीटा वादळांत तर एका सीझनमध्ये पाचशेच्या वर चौरस किलोमीटर जमिनीचं उघडं पाणी झालं.

झळ कुणाला बसली बघायचं तर आयल द जाँ शार्ल बघा. मूळ अमेरिकन लोकांचं हे बेट 1955 पासून 98 टक्के बुडालं, 2016 ला केंद्राने पुनर्वसनासाठी 4 कोटी 83 लाख डॉलर दिले आणि 2022 मध्ये माणसं आत नव्या वस्तीत राहायला गेली.

जमीन परत आणायचे प्रयत्न 1990 च्या केंद्रीय कायद्यापासून जोरात सुरू झाले, 2007 पासून राज्याचा स्वतःचा कोस्टल मास्टर प्लॅन आहे. 2010 च्या डीपवॉटर होरायझन तेलगळतीच्या भरपाईतून मोठा पैसाही आला. जास्त करून काय करतात तर तळाचा गाळ उपसायचा, पाइपमधून दलदलीवर ओतायचा, वर स्पार्टिना गवत लावायचं. दिसायला झटपट, पण नदीचा गाळ येत नाही तोवर तीही जमीन खचतच राहणार, तेव्हा हे पुन्हा पुन्हा करत बसावं लागतं.

म्हणून डायव्हर्जन, म्हणजे बांधाला दार ठेवून नदीलाच दलदलीत सोडायचं. हे चालतं याचा पुरावा वॅक्स लेकला आहे, आणि तो चुकून मिळालाय! 1941 ला पूर कमी करायला अचाफलाया नदीपासून (ही मिसिसिपीचीच एक शाखा) एक कालवा खणला, जमीन बनवायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं, पण 1973 च्या पुरानंतर त्याच्या तोंडाशी आपोआप नवा त्रिभुज प्रदेश वर आला आणि तो अजून वाढतोय. हेच मुद्दाम करायला मिड-बॅराटेरिया प्रकल्प ठरला, खर्च 3 अब्ज डॉलरच्या आसपास, 50 वर्षांत पन्नासेक चौरस किलोमीटर जमीन मिळेल असा अंदाज. पण इतकं गोडं पाणी आलं की कालवं (शिंपल्यातले ऑयस्टर) मरणार, कोळंबी हलणार, डॉल्फिनही मरणार, म्हणून मच्छीमार विरोधात होते, आणि त्यांची भीती काही खोटी नव्हती, खुद्द सरकारी अहवालातच हे परिणाम लिहिलेले होते. ऑगस्ट 2023 ला काम सुरू झालं, 50 कोटी डॉलरच्या वर खर्चही झाला आणि जुलै 2025 मध्ये राज्यानेच प्रकल्प रद्द केला. आता त्याऐवजी मर्टल ग्रोव्हला छोटं डायव्हर्जन आणि गाळ उपसून टाकायची कामं करू असं राज्याचं म्हणणं आहे.