बारमाही सर्दीचं मूळ गादीत

सकाळी उठताच शिंकांची माळ, नाकातून पाणी, टाळूला खाज, आणि दुपारपर्यंत सगळं शांत. असं वर्षभर चालत असेल तर पहिला संशय गादीवर घ्यावा. परागकणांचा त्रास हंगामी असतो. बारमाही अ‍ॅलर्जीमागे बहुधा डस्ट माइट असतो. नेदरलँड्समध्ये लायडनच्या संशोधकांनी १९६४ साली घरातल्या धुळीच्या अ‍ॅलर्जीचा संबंध या जिवाशी जोडला.

माइट कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा, जेमतेम ०.३ मिलिमीटर लांब. तो चावत नाही. आपल्या कातडीचा झडलेला कोंडा खातो आणि पाणी हवेतूनच शोषून घेतो. त्यामुळे हवेतली आर्द्रता सतत ५० टक्क्यांखाली राहिली, तर तो सुकून मरतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणून त्याची वाढ जोरात होते.

खरा त्रास त्याच्या विष्ठेचा. तिच्या सुमारे २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोळ्यांमध्ये पचनाची प्रथिनं असतात. ती नाकाच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे सैल करून आत शिरतात. म्हणजे माइट मेला तरी गोळ्या गादीत राहतात आणि शिंका थांबत नाहीत. घरगुती उपाय फसतात ते बहुतेक इथेच. गादीला ऊन दिल्याने वरचे माइट मरतात, पण गोळ्या जागच्या जागी राहतात. गादी दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळवावी आणि घराबाहेरच झटकावी. ज्याला त्रास आहे त्याने झटकायला जाऊ नये. कापसाची गादी जुनी झाली असेल तर तोच कापूस पुन्हा पिंजून भरण्यापेक्षा नवा भरावा.

चादर, अभ्रे आणि पांघरुणं आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवावीत. ५५ अंशांच्या वर माइट मरतात, धुण्याने गोळ्या निघून जातात. थंड पाण्यात गोळ्या बऱ्याच निघतात, माइट मात्र तगतात. मशीनला हीटर नसेल तर बादलीत आधी साधं पाणी घ्यावं आणि त्यात तेवढंच उकळतं पाणी ओतावं. मिश्रण साठीच्या आसपास येतं. कपडे बुडवून, झाकण ठेवून अर्धा तास भिजवावेत आणि मग नेहमीसारखे धुवावेत. लहान मुलांना बादलीपासून लांब ठेवा. गरम पाणी न सोसणारी मऊ खेळणी पिशवीत बांधून २४ तास डीप फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि नंतर धुवावीत, कारण थंडीने माइट मरतात, गोळ्या जात नाहीत.

गादीला आणि उशीला चारही बाजूंनी बंद होणारी, चेनची खोळ घालावी. कापडाची छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा लहान हवीत. पैसे कमी असतील तर आधी उशीची घ्या, नाक तिच्यावरच असतं. पण नुसत्या खोळीवर विसंबू नये. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत फक्त खोळी वापरून रुग्णांना ठळक आराम पडला नव्हता. धुणं, ओल कमी करणं आणि खोळ हे सगळं एकत्र केलं तरच उपयोग होतो.

कोरड्या झाडूने केर काढला की गोळ्या उडतात. त्या जड असल्याने अर्ध्या तासात पुन्हा खाली बसतात. म्हणून माइटवर एअर प्युरिफायरचा फार उपयोग नाही, मांजराच्या अ‍ॅलर्जीत मात्र होतो. ओल्या फडक्याने लादी पुसणं स्वस्त आणि जास्त चांगलं. झोपायच्या खोलीत कपडे वाळत घालू नका. भिंतीला ओल असेल तर आधी गळती बंद करा, ओल्या भिंतीवर रंग दिला तर बुरशी पुन्हा वर येते.

झुरळांची विष्ठा आणि टाकलेली कातही तितकीच त्रासदायक. फवाऱ्याऐवजी जेलचे ठिपके सिंकखाली आणि फ्रीजच्या मागे लावावेत आणि आठवड्याने ती जागा साबणाच्या पाण्याने पुसावी. उदबत्ती आणि मच्छर कॉइलचा धूर ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण सुजलेल्या नाकाला तो आणखी डिवचतो.

नाक धुण्यासाठी एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालावं. नळाचं पाणी थेट वापरू नये, त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा स्प्रे दिला असेल तर उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारावा. टोक मधल्या पडद्याकडे नव्हे, बाहेर कानाच्या दिशेने असावं, नाहीतर पडदा सोलवटून रक्त येतं. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर सोडू नये. नाक लगेच मोकळं करणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांपलीकडे नकोत, त्यांनीच नाक पुन्हा चोंदतं. रात्री छातीत घरघर किंवा कोरडा खोकला येत असेल तर दमा आहे का, हे फुफ्फुसांच्या तपासणीतून बघून घ्यावं.