टाकी मोठी म्हणून प्रेशर जास्त? नाही हो!

रावेर-यावलकडं केळीवाल्यांत एक गोष्ट कधीची फिरतेय, की ठिबकला प्रेशर कमी पडतंय ना, मग हजार लिटरची टाकी काढा अन् पाच हजारची बसवा, पाण्याचं वजन वाढलं की जोर वाढतो. साफ चुकीचं. थांबलेल्या पाण्याचं प्रेशर फक्त वरच्या पातळीपासून किती खाली आहे त्यावर ठरतं, टाकीच्या रुंदीशी काही घेणंदेणं नाही, जास्तीचं वजन टाकीचा बाकीचा तळ झेलतो, नळीच्या वाट्याला फक्त तिच्या डोक्यावरचं पाणी.

हिशोब सोपाय, 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो प्रति चौरस सेंटीमीटर. म्हणजे पाणी 3 मीटर उंच असेल तर 0.3 च्या आसपास, मग टाकी कितीही लिटरची असो. ठिबकला बहुतेक वेळा 1 किलोच्या आसपास लागतं, म्हणून तर पंप! हतनूर धरणाचंच बघा ना, बॅकवॉटर कितीही लांब पसरू द्या, भिंतीवरचा दाब खोलीनुसारच.

हां, जाड पाइपनं पाणी जास्त येतं हे खरंय, पण ते घर्षण कमी होतं म्हणून, अन् तेही पाणी वाहत असताना, कॉक बंद केला की गेज जाड अन् बारीक दोन्ही पाइपला सारखाच आकडा दाखवणार.